दाखला कुणाचा आणि शिकवणार कोण?

प्रश्न : आम्ही कऱ्हाडजवळ राहतो. मुलगी पंधरा वर्षांची आहे, नुकतीच नववी झाली. ती धनुर्विद्या शिकते. सरावासाठी साताऱ्याला जावं लागतं आणि स्पर्धा आल्या की शाळा बुडते. मुलगा तेराचा, त्याची सातवी झाली. तो शाळेत रमत नाही, घरी मात्र कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत बसतो. दोघांनाही शाळेतून काढून सरकारी ऑनलाइन शाळेत घालावं की घरीच शिकवावं, यावर घरात रोज बोलणं होतं. ह्यांना ऑनलाइन शाळा बरी वाटते, निदान वेळापत्रक तरी राहील म्हणतात. मला वाटतं आपणच शिकवावं. सासूबाई म्हणतात, शाळा सोडलेल्या पोरीला उद्या कोण विचारणार? काय करावं?
— एक आई, कऱ्हाड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन मुलं आणि दोन प्रश्न एकत्र आले आहेत. ते आधी सुटे करू. पहिला प्रश्न, दहावीचा दाखला कुठलं मंडळ देणार? दुसरा, रोज शिकवणार कोण? घरोघरी या दोन्हींची गल्लत होते आणि मग नवरा-बायको एकाच बाजूला असूनही भांडत राहतात. तुमचंही थोडं तसंच झालं आहे.

घरी शिकवणाऱ्या आईला दहावीचा दाखला देता येत नाही. तो मंडळच देतं. सरकारी ऑनलाइन शाळा म्हणून जिच्याकडे बोट दाखवता येईल, ती आपल्याकडे प्रामुख्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून ती सुरू झाली, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ पासून आजच्या नावाने चालते. ऑगस्ट २०२१ मध्ये तिने आभासी शाळा सुरू केली. मूल घरीच असतं, शिक्षक पडद्यावर थेट तास घेतात. पुढच्या वर्षी दिल्ली सरकारनेही देशभरच्या मुलांसाठी आभासी शाळा उघडली आणि देशातली पहिली म्हणून जाहीर केली. त्यावर एनआयओएसला आपली शाळा वर्षभर आधीची असल्याचं सांगावं लागलं. दिल्लीच्या शाळेमागचं मंडळच २०२१ मध्ये जन्मलेलं होतं. ज्या घरातल्या मुलाची तीन-चार वर्षं पणाला लागणार आहेत, त्या घराने नव्या संस्थेच्या जाहिरातीपेक्षा जुन्या मंडळावर भरवसा ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे तुमच्या यजमानांची ऑनलाइन शाळा आणि तुमचं घरचं शिक्षण या दोन्ही वाटा बहुतेक त्याच एका मंडळाच्या परीक्षेला जाऊन मिळतात. फरक उरतो तो एवढाच, की वेळापत्रक कोण लावणार आणि वही कोण तपासणार.

आता मुलांचं वेगवेगळं पाहू, कारण कायदा त्यांच्यात फरक करतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या कलम १० नुसार आईवडिलांचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही म्हणून आईवडिलांना दंड किंवा शिक्षा मात्र या कायद्यात नाही. घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या वतीने २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा केंद्र सरकारने आधी घरशिक्षणाला हरकत नाही असं सांगितलं आणि नंतर ती भूमिका फिरवली. तेव्हापासून चौदाच्या आतल्या मुलांचं घरशिक्षण अर्धवट उजेडातच आहे. कुणी पोलीस घेऊन दारात येत नाही, पण कायद्याचा भक्कम आधारही नाही. तुमची लेक ही रेषा ओलांडून गेली आहे. मुलगा नाही. शिवाय एनआयओएसच्या दहावीला बसायलाच चौदा वर्षं पूर्ण लागतात.

लेकीबद्दल माझा सल्ला : तिचं नाव एनआयओएसमध्ये घाला, अभ्यास घरून होऊ द्या.

साताऱ्यात धनुर्विद्या कुठवर गेली आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांमध्ये जगज्जेता झालेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यातच प्रवीण सावंत यांच्याकडे तयार झालेला. त्या पातळीचा सराव आणि दहा ते पाचची शाळा दोन्ही एकाच मुलीच्या अंगावर टाकली की एक काहीतरी नुसतं नावापुरतं उरतं. बहुतेक वेळा ती झोप असते.

एनआयओएसची रचना अशा मुलीला सोयीची आहे. दहावीला पाच विषय पुरतात. ते एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संधी मिळतात. झालेला विषय खात्यावर जमा राहतो. स्पर्धेच्या महिन्यात दोन विषय द्यायचे, पुढच्या खेपेला तीन, असं मनासारखं लावता येतं. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. लेखी स्वाध्याय पाठवावे लागतात आणि त्यांना २० टक्के गुण असतात. घरी शिकणारी मुलं नेमकी तिथेच ढिलाई करतात, तेवढं पाहा. दहावी मराठी माध्यमातून देता येते. मुलींना शुल्कात सवलत आहे. अभ्यासकेंद्र निवडताना स्वतः जाऊन या. संपर्क वर्ग खरंच भरतात का आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक कुठे होतं, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा, कार्यालयात नको.

पाचच विषय म्हटलं की गणित सोडायचा मोह होतो. तो आवरा. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तीन ठेवाच. पंधराव्या वर्षी ती म्हणेल, मला फक्त धनुष्य हवं. खांदा दुखावला तर अठराव्या वर्षी तिला दुसरं दार उघडं लागेल.

दुसरी वाट तुमच्या ओळखीची आहे, सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची; सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. पुस्तकं तीच, बालभारतीची. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. पण विषय सगळे, परीक्षा एकदम आणि मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच. स्पर्धा त्या दिवसांत आली की मुलीने काय करायचं? ज्या मुलीला फक्त शाळेत बसायचं नाही, तिला सतरा नंबर चांगला. जिचं वेळापत्रक दुसरं कुणीतरी ठरवतं, तिला एनआयओएस.

एक गोष्ट मात्र नाव काढण्याआधी विचारून घ्या, कारण ती नंतर कळली तर फार जिव्हारी लागते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धांची प्रवेशिका शाळेमार्फत जाते. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. शाळा सुटली की ती दारं बंद होऊ शकतात आणि उरतात त्या संघटनेच्या स्पर्धा. तुमच्या मुलीची पुढची दोन वर्षं कोणत्या स्पर्धांवर उभी आहेत, हे तिच्या प्रशिक्षकांना वहीत लिहून मागा. शालेय स्पर्धाच महत्त्वाच्या असतील, तर सध्याच्या शाळेत राहून हजेरीची सवलत मागणं हाच शहाणा मार्ग.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद अक्षर न् अक्षर तपासा. आपल्याकडे जातीचा दाखला आणि पडताळणी शाळेच्या कागदांवर पुढे सरकते. मूळ दाखला कुठे द्यावा लागू शकतो, म्हणून शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची, म्हणजे निर्गम उताऱ्याची नक्कल आधीच काढून ठेवा. आणि एनआयओएसचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय शाळेतलं नाव काढू नका.

सासूबाईंची शंका खोटी नाही, तिला नीट उत्तर द्या. एनआयओएसची दहावी-बारावी पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला चालते. मुक्त विद्यालयाच्या मुलांना मेडिकलचं दार बंद ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला महाराष्ट्राच्या कोट्यातून जायचं, तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते ही साधारण अट आहे. म्हणून केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. कुणी परराज्यातलं 'सोपं' केंद्र सुचवलं तर ऐकू नका.

पण सासूबाईंच्या मनात आणखी एक भीती असावी आणि ती मलाही वाटते. मुलगी घरात दिसली की तिला हाक पडते. पाणी आलंय, बघ. पाहुणे आलेत, चहा टाक. नाही तरी घरीच आहेस, तर कणीक मळून ठेव. असं करता करता अभ्यासाचे दोन तास जातात आणि कुणालाच आपण काही चुकीचं केलं असं वाटत नाही. आपल्या भागात शाळा सुटलेल्या मुलीचं पुढचं पाऊल बऱ्याच घरांत लग्नाच्या बोलण्यात पडतं. तुमचं घर तसं नसेल, पण शेजारी-पाजारी विचारतील आणि पोरीच्या कानावर ते जाईल. साताऱ्याच्याच नायगावच्या सावित्रीबाई लग्नानंतर घरात जोतीरावांकडे शिकल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, हेही सांगावं. तुमच्या मुलीसाठी सकाळचे तीन तास ठरवा. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, हे घरातल्या पुरुषांनी सगळ्यांदेखत सांगावं. आईने सांगितलं की ती आईची हौस ठरते.

आता मुलगा. त्याला अजून वर्षभर शाळेत ठेवा.

घरशिक्षणाची गोष्ट निघाली की मुंबईच्या मालविका जोशीचं नाव येतं, तुमच्याही वाचनात आलं असेल. सातवीत तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, तिला शाळेतून काढलं. मुलगी घरी शिकत राहिली, संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत गेली. ही गोष्ट सांगणारे मधला भाग गाळतात. बारावीचा दाखला नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता तिला बंद होता. इथे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिचं ज्ञान पाहून तिला घेतलं, म्हणून वाट निघाली. पदकांवर दार उघडणाऱ्या संस्था जगात थोड्या आहेत आणि तशी पदकं मिळवणारी मुलं त्याहून थोडी. शिवाय त्या आईने या एका कामाला आपली वर्षं दिली. तुम्ही देऊ शकाल का? तुमच्या पत्रात तुमच्या नोकरीचा किंवा शेतीचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

तुमच्या मुलाला प्रोग्रॅमिंग आवडतं ना, मग त्याची परीक्षा शाळेत राहूनही पाहता येते. इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची पहिली पायरी विभागीय असते. त्यात एक परीक्षा कागदावरची, तर्काची; दुसरी प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याची. मागच्या वर्षांचे प्रश्न इंटरनेटवर सापडतात. एक प्रश्न त्याच्यापुढे ठेवा आणि त्याच्याशेजारी बसा. तो दोन तास त्यात बुडाला, तर ती खरी ओढ. दहा मिनिटांत यूट्यूबकडे वळला, तर त्याला शाळेपासून सुटका हवी आहे आणि तिचं कारण शोधणं हे तुमचं पहिलं काम. कुणी त्रास देतं का? फळ्यावरचं दिसत नाही का? सातवीतलं गणित सुटलंय का? यातलं काही असेल, तर घरी बसवल्याने ते घरीही येईल.

पडद्याबद्दलही बोलायला हवं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला फार लांब नाही. करोनात अभ्यासासाठी मुलांच्या हातात मोबाइल आला, तो अभ्यास संपल्यावर परत गेला नाही. २०२२ मध्ये गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सगळ्या गावाचे. मुलाने वही उघडायची आणि मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा. तेरा वर्षांच्या मुलाची शाळा पडद्यावर नेताना त्या गावाने काय सोसलं आणि काय केलं, ते एकदा जाऊन पाहा. मुलाला पडद्यावर शिकायला लावलं तर पडदा बंद कधी होणार, हेही त्याच दिवशी ठरवावं लागतं, आणि तो नियम बापालाही लागू असावा लागतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची : घरी शिकणारं मूल कुणात मिसळणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये तुमच्या कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र काम करत, एका पंक्तीत जेवत. पुस्तकातले धडे घरीही झाले असते. हे घरी झालं नसतं. आज बोर्डिंग नसेल, पण गावातल्या शाळेत डबा खाताना तुमचा मुलगा अजूनही वेगळ्या घरातल्या पोराशेजारी बसतो. घरी शिकवायचं ठरवलंत, तर ही पंक्ती तुम्हाला मुद्दाम मांडावी लागेल. तालीम, वाचनालय, ढोलपथक, क्रिकेटचा संघ, काहीही चालेल. पण आठवड्यातले काही तास त्याने आपल्या नात्यातल्या, आपल्या जातीतल्या, आपल्या बिल्डिंगमधल्या मुलांच्या बाहेर काढले पाहिजेत. आणि त्याला रागावण्याचा हक्क असलेला, पण आई-बाप नसलेला एक तरी मोठा माणूस हवा. चौदा-पंधराच्या वयात आईच शिक्षक, आईच परीक्षक आणि आईच स्वयंपाकघर असं झालं, की भांडणाला दुसरी जागाच उरत नाही. सगळं भांडण एकाच माणसाशी होतं.

शाळा उघडायला अजून अवकाश आहे, तोवर घरीच एक चाचणी घ्या. एनआयओएसच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा मुलीला स्वतः वाचू द्या, उत्तरं हाताने लिहायला सांगा आणि ती वही ओळखीच्या शिक्षकाकडून तपासून घ्या, तुम्ही तपासू नका. असे तीन धडे ती कुणी मागे न लागता करू शकली, तर ऑनलाइन तासांचीही तिला फारशी गरज नाही. मागे लागावंच लागलं, तर तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं, तिला वेळापत्रक हवं. मग आभासी शाळेचे थेट तास घ्या. ह्या एका प्रयोगाने तुमच्या दोघांतला वाद मिटेल.

मुलाचं पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. तोवर तो चौदाचा होईल.

प्रश्न : मुलगी आठवड्यातून तीनदा तासगावहून मिरजेला गाणं शिकायला जाते. दहावीला संगीत हा विषय घेऊन शाळा सोडता येईल का? — एक वडील, तासगाव

उत्तर : एनआयओएसच्या दहावीला हिंदुस्थानी संगीत हा विषय आहे, घेता येईल. पण घाई करू नका. राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात. शाळा सोडून ती सोय घालवण्याआधी तिच्या गांधर्वच्या किती परीक्षा झाल्या आहेत ते मोजा आणि मुख्याध्यापकांशी बोला.

मिरजेला या बाबतीत मोठा वारसा आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्यामुळे अधू झाली, शाळेचा अभ्यास अवघड झाला आणि ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याला लागले. पुढे १९०१ मध्ये त्यांनीच लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणजे गुरूच्या घरात मिळालेलं शिक्षण त्यांनी वर्ग, पाठ्यक्रम आणि परीक्षांत आणलं. तुमच्या मुलीला तशी अडचण नाही. आठवड्यातले तीन दिवस गाणं आणि बाकी शाळा हे दहावीपर्यंत निभत असेल, तर निभू द्या. अकरावीला मात्र मोकळ्या मनाने विचार करा.

प्रश्न : 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन शाळा, घरबसल्या दहावी' अशी जाहिरात पाहिली. फी बरीच आहे. खरी-खोटी कशी ओळखावी? — एक वाचक, सांगली

उत्तर : फोन करून एकच विचारा : गुणपत्रिकेवर मंडळाचं नाव काय असेल? शाळेचं नको, मंडळाचं. मंडळ भारतातलं असेल तर शालेय मंडळांच्या परिषदेच्या, कोब्सेच्या यादीत ते आहे का पाहा. परदेशी असेल तर भारतात त्याला समकक्षता मिळते का ते पाहा आणि त्यासाठी कोणते विषय लागतात तेही. मग परीक्षा कुठे होते ते विचारा. परीक्षाही घरबसल्या, असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. केंब्रिजसारख्या परीक्षा बाहेरून देता येतात, पण त्यासाठी ठरलेल्या केंद्रावर जावंच लागतं आणि प्रत्येक विषयाचं शुल्क वेगळं पडतं. या सगळ्याची उत्तरं ई-मेलवर लेखी मागा. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मुलाचं वर्ष सोपवू नका.